साहेब येणं बंद झाल्यावर

बाबा, गेल्या दीड महिन्यापासून मला जेवण जात नाही. दुखतखुपत काही नाही. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. मी एका कागदावर सही केली आहे आणि तो कागद आता माझ्या हातातून सुटून राज्यभर गेला आहे, एवढंच. तुम्ही असता तर हे तुम्हाला तोंडानं सांगितलं असतं का, हेही मला नक्की माहीत नाही. बहुतेक आईला सांगितलं असतं आणि तुम्ही पलीकडे खाटेवर बसून, न ऐकल्यासारखं करून, सगळं ऐकलं असतं. पण आईलाही जाऊन आता नऊ वर्षं झाली. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, सरकारी कागद आहे, तुझ्या एकटीची सही थोडीच आहे त्यावर. ते खरं आहे. पाच सह्या आहेत. पण त्या पाचांत बॉयलरची धग अंगावर घेतलेल्या माणसाच्या घरातली मी एकटीच आहे.

काम काय होतं ते आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत पाच जणांचा एक गट नेमला. राज्यात कुणाला पिठाची गिरणी घालायची असो, तेलाची घाणी असो की मोठा कारखाना, त्याला सरकारच्या कायकाय परवानग्या लागतात आणि कोणकोणत्या तपासण्या होतात, त्या सगळ्यांची यादी करायची. मग प्रत्येकीपुढे एकच प्रश्न लिहायचा: ही नसली तर कुणाचं काय बिघडेल? ज्या परवानगीला उत्तर सापडणार नाही ती काढून टाकायची. आमचे प्रमुख पुण्याचे, निवृत्तीला आलेले, सज्जन गृहस्थ. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "प्रत्येक परवानगी म्हणजे एक खिडकी असते, आणि खिडकीमागे बसलेल्या माणसाला 'उद्या या' म्हणायची मुभा असते. सरकारशिवाय जी कामं होतच नाहीत तेवढीच सरकारनं करावी आणि ती नीट करावी. बाकीचं लोकांवर सोडावं. लोक काही मूर्ख नसतात." मला त्यांचं बोलणं पटलं, बाबा. वरवर नाही, आतून पटलं. ते बोलत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही बॉयलर सांभाळायचात ती खामगावची तेलगिरणी उभी राहिली होती, थंड पडलेल्या बॉयलरसकट.

मी तेव्हा अकरा वर्षांची असेन. बॉयलरच्या सर्टिफिकेटची मुदत संपली होती आणि नवी तपासणी करायला वरच्या कचेरीतून साहेब यायचे होते. साहेब आल्याशिवाय बॉयलर पेटवायचा नाही असा कायदा, आणि साहेब काही येत नाहीत. वाफ नाही म्हणून सरकी शिजत नाही, सरकी शिजत नाही म्हणून घाण्या बंद, घाण्या बंद म्हणून सगळे हमाल फाटकाजवळच्या निंबाखाली बसलेले. काम नाही तरी तुम्ही रोज सकाळी जायचात. मी शाळा सुटली की डबा घेऊन येते. तुम्ही एकटेच आत, त्या थंड बॉयलरपाशी, पितळी नळ चिंचेच्या कोळानं घासत बसलेले. एरवी तिथे उभं राहवत नसे इतकी धग, आणि आता तुम्ही त्याच्या पत्र्याला पाठ टेकून भाकर खाता आहात. मी विचारते, "बाबा, साहेब काऊन नाही येत?" तुम्ही म्हणता, "त्यायच्याजवळ लय बॉयलर हायेत, बाई. आपला नंबर लागंल." तेव्हा तुमचा आवाज अगदी शांत असतो.

साहेब आले ते जवळजवळ तीन आठवड्यांनी. मी तिथेच होते. त्यांनी नाकाला रुमाल लावला, दारातूनच आत पाहिलं, चहा घेतला, सही केली आणि गेले. बॉयलरला बोटसुद्धा लावलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी आई चुलीपाशी होती आणि तुम्ही हात धूत होता. आई म्हणाली, "झालं ना बरं, उद्यापासून काम सुरू." तुम्ही म्हणालात, "ज्यानं हात लावला नाही त्याची सही चालते. माह्ये हात रोज भाजतात, तर मले कोनी इचारत नाही का हे बॉयलर कसं हाय." आईनं भाकर तव्यावर टाकली. मला मात्र ते वाक्य तसंच्या तसं लक्षात राहिलं. आमच्या बैठकीत मी ते सांगितलं, तुमच्याच बोलीत सांगितलं. एकदोघं हसले, पुण्यामुंबईची माणसं आपली बोली ऐकून हसतात तसे. प्रमुख हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "छोट्या बॉयलरचं टिपण तुम्हीच लिहा. आणि हे वाक्य त्यात आलं पाहिजे."

मी ते टिपण लिहिलं. छोट्या गिरण्यांच्या बॉयलरवर सरकारी साहेबानं दरवर्षी जायची गरज नाही. मालकानं जाणकार माणसाकडून तपासून घ्यावं, आपल्या सहीनं तसं लिहून द्यावं, आणि काही झालं तर जबाबदारी त्याची. शिकलेला, सरकारी सर्टिफिकेट असलेला बॉयलरवाला ठेवायची अट आहे तशीच राहील. एवढंच. लिहिताना मला वाटत होतं, मी तुमचंच काहीतरी फेडते आहे. ते तीन आठवडे, तो निंब, तो रुमाल. चांगलं उतरलं ते टिपण. वरपर्यंत गेलं, लोकांनी वाखाणलं. मग वरून निरोप आला की एकदा प्रत्यक्ष जाऊन दोनचार गिरण्या पाहाव्या, मालकांशी बोलावं. मी आपणहून खामगाव मागून घेतलं.

आपली गिरणी आता नाही, तिथे मंगल कार्यालय झालं आहे. मी गेले ती गिरणी नांदुरा रोडला, नवी. मालक चाळिशीचा, नीट बोलणारा, शिकलेला. त्यानं एका दिवसात किती प्रकारचे साहेब दारात येऊ शकतात ते बोटांवर मोजून दाखवलं. तक्रारीचा सूर नव्हता, थकलेला होता. म्हणाला, "मॅडम, मले गिरणी चालवू द्या. चुकलो तं धरा. पण रोज चुकलो का नाही हे दाखवण्यातच माझा दिवस जाते." मी ते लिहून घेतलं. मग म्हटलं, बॉयलर पाहू. तिथे एक पन्नाशीतला बॉयलरवाला होता, काळासावळा, बनियनवर टॉवेल टाकलेला. मी आपल्या गिरणीचं नाव काढलं तसा तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. म्हणाला, "तुमी त्यायची पोरगी का? विहाराजवळच्या?" मी हो म्हटलं. त्यानं टॉवेलनं एक स्टूल पुसून दिलं. तुमच्या हाताखाली त्यानं एक हंगाम काढला होता, बाबा. बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काच कशी वाचायची ते तुम्ही त्याला शिकवलं होतं. "काटा खोटं बोलंल, काच खोटं बोलत नाही, असं म्हनत," तो म्हणाला.

मालक फोनवर बोलायला बाहेर गेला. बॉयलरवाल्यानं एकदा दाराकडे पाहिलं आणि मग मला विचारलं, "मॅडम, आयकलं का साहेब येनं बंद होऊन राह्यलं?"

मी म्हटलं, "हो. छोट्या बॉयलरवर. का, तुम्हाला त्रासच होतो ना त्यांचा?"

"तरास तं हायेच. येतात, पाहात नाहीत, जातात. सगळे तसेच नसतात, पण असतात." मग तो म्हणाला, "पण वर्षातून एक दिवस तरी असा राहते का मालकाच्या वर कोनीतरी हाय. उद्या हे पत्र्याले काई झालं, मालक म्हनला का चालू दे, तं मी कोनाले सांगू?"

मी म्हटलं, "मालक चांगला माणूस दिसतो."

"चांगलाच हाय. मी कुठं वाईट म्हनलं. हंगामात चांगल्या मानसाले बी घाई राहते."

मी वहीत काहीतरी खरडलं. काय खरडलं ते नंतर मलाच वाचता आलं नाही. परतीच्या गाडीत जलंब स्टेशन येईपर्यंत मी खिडकीतून बाहेर पाहत होते, आणि जे चौदाव्या वर्षापासून मनातल्या एका कोपऱ्यात लोटून ठेवलं होतं ते सगळं पुढे येऊन बसलं.

तुम्हाला तो दिवस आठवत असेल, कुठे असाल तर. मी नववीत होते. हंगाम भरात होता. तुम्ही कामावरून आलात आणि हातपाय न धुता ओट्यावर बसलात. आईनं ताट वाढलं, तुम्ही पाहिलंही नाही. मग तिला हळू आवाजात सांगत होता: खालच्या पत्र्याच्या सांध्याशी एक पांढरी रेघ येते आहे. पुसली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. पाणी आतून पाझरतं आणि त्याचा क्षार बाहेर साचतो, म्हणजे पत्रा आतून खात चालला आहे. शेठला दाखवलं. शेठ म्हणाले हंगाम होऊ दे, मग पाहू. आई म्हणाली, "मंग तुमी नका जाऊ." तुम्ही म्हणालात, "मी नाही गेलो तं दुसरा जाईन. पत्रा तोच राह्यल."

थोड्या वेळानं तुम्ही मला हाक मारली. "बाई, वही आन. तुह्यं अक्षर चांगलं हाय." आणि मी दिव्याजवळ बसून ते पत्र लिहिलं, बॉयलर साहेबांच्या कचेरीला. तुम्ही सांगत होता, मी शुद्ध करून लिहीत होते. 'पत्रा खाऊन राह्यला' याचं मी 'पत्रा झिजत आहे' केलं. शेवटी मी विचारलं, "बाबा, नाव?" तुम्ही म्हणालात, "नाव नको टाकू. खाली लिव, एक कामगार." मग तुम्ही ते खिशात घातलं आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून एसटीनं नांदुऱ्याला जाऊन तिथल्या पेटीत टाकून आलात, खामगावचा शिक्का नको म्हणून. एका पत्रासाठी तुम्ही किती घाबरला होता, हे मला तेव्हा कळलं नाही. मला ते सगळं फार थोर वाटत होतं. माझ्या अक्षरानं सरकार येणार होतं.

आणि आलं. आठ दिवसांत आलं. हे साहेब वेगळे होते, बारीक, टक्कल पडलेले. त्यांनी चहा नको म्हटलं. बॉयलर विझवायला लावला, तो थंड होईपर्यंत दोन दिवस विश्रामगृहात थांबले, मग शर्ट काढून खुंटीला लावला आणि दिवा आणि हातोडी घेऊन माणूस जेमतेम जाईल एवढ्या तोंडातून आत शिरले. रविवार होता, मी डबा घेऊन आले होते. आतून ठोकल्याचा आवाज येतो आहे: टण, टण, टण, आणि मग एके जागी ठप. पुन्हा तिथेच, ठप. बाहेर तुम्ही, शेठ, दिवाणजी सगळे उभे. साहेब बाहेर आले ते काजळीनं माखलेले. शेठकडे न पाहता त्यांनी तुम्हाला विचारलं, "हे कधीपासून आहे?" तुम्ही खाली पाहत म्हणालात, "मले नाही माहीत, साहेब." ते तुमच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. त्यांना कळलं असावं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

बॉयलर बंद झाला, पत्रा बदलेपर्यंत. ऐन हंगामात सगळे हमाल पुन्हा निंबाखाली बसले, आणि कुणीतरी कागद टाकला हे सगळ्यांना ठाऊक झालं. ज्यानं टाकला त्याला ते काय काय म्हणत होते ते तुम्ही त्यांच्यातच बसून ऐकत होता. घरी आल्यावर तुम्ही आईला म्हणालात, "लोकायचं बी बरोबर हाय. त्यायले पत्रा दिसत नाही, चूल दिसते." मग महिनाभरानं शेठनी तुम्हाला बॉयलरवरून काढून सरकीच्या ढिगावर लावलं. सर्टिफिकेटवाला माणूस, आणि घमेली वाहतो आहे. कारण कुणी सांगितलं नाही. तुम्ही विचारलंही नाही. आई विचारायची, त्यायले कसं समजलं असंल, आणि तुम्ही म्हणायचात, "समजते. गिरणी केवढीशी हाय."

बाबा, मी सांगितलं होतं. माझ्या वर्गात दिवाणजींची मुलगी होती. तिच्या अक्षराचं बाईंनी कौतुक केलं, आणि मला ते सहन झालं नाही. मधल्या सुट्टीत हौदापाशी मी तिला म्हटलं, "तुझं अक्षर पाहून कोण येते? माझं पाहून तर बॉयलर साहेब आले." बस, एवढंच वाक्य. लगेच जीभ चावली, पण ती हसून गेली होती. तुम्हाला ते माहीत होतं का, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. मला कधी एक शब्द बोलला नाहीत. फक्त एकदा, पुढे खूप दिवसांनी, मी वक्तृत्वाचं बक्षीस घेऊन घरी आले आणि सगळ्या गल्लीला दाखवत होते, तेव्हा सरकीचा भुगा झटकत तुम्ही म्हणालात, "चांगलं हाय ते सगळीकडं दाखवत नाही फिरायचं, बाई." ते बक्षिसाबद्दल होतं की त्या पत्राबद्दल? मी त्या वाक्यापाशी किती वर्षं अडून बसले आहे. तुम्ही बोलायचातच इतकं कमी की एकेक वाक्य दोन दोन कामांना पुरायचं.

तर हे सगळं गाडीत आठवलं. माझ्या टिपणात नाकाला रुमाल लावणारे साहेब होते. हातोडी घेऊन आत शिरलेले साहेब नव्हते. मी खोटं काही लिहिलं नव्हतं. निम्मं लिहिलं होतं. आणि दुसरीही एक गोष्ट डोक्यात घोळत राहिली. मला वसतिगृह मिळालं ते सरकारचं, शिष्यवृत्ती सरकारची, राखीव जागा सरकारची, नोकरीही त्याचीच. सरकारनं कमी कमी करत जावं असं मी लिहिते तेव्हा त्यानं नेमकं कुठपर्यंत मागे सरकून थांबावं, हे मी कुठल्या तोंडानं सांगणार? आपल्या वस्तीतल्या पोरींच्या वसतिगृहापाशी कुणी उद्या तोच प्रश्न लिहिला, ही नसली तर कुणाचं काय बिघडेल, तर? ज्यांचं बिघडेल त्यांना त्या खोलीत बसवलेलं नसतं.

पुढच्या बैठकीत मी म्हटलं, एक कलम घालू या. बॉयलरवर काम करणाऱ्यानं तक्रार केली, नाव न देता केली तरी, आठ दिवसांत सरकारी माणसानं जाऊन पाहिलंच पाहिजे. प्रमुख शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "मॅडम, मग आपण कमी काय केलं?"

"येणं कमी केलं, सर. बोलावलं तर यावं, एवढंच म्हणते."

"निनावी तक्रारी कोण करतं हे तुम्हाला माहीत आहे. शेजारचा गिरणीवाला करतो, काढलेला नोकर करतो, भाऊबंद करतात. वर्षाला एक साहेब यायचा त्या जागी दर महिन्याला येईल. ज्या माणसाला आपण मोकळं करायला निघालो त्याला आणखी बांधून ठेवू."

तेही खोटं नव्हतं. नांदुरा रोडच्या त्या मालकाचा थकलेला चेहरा मला आठवत होता. मी म्हटलं, "आणि नाव घालून कोण करेल?" ते म्हणाले, "ज्याला खरंच धोका दिसतो तो नाव घालेल. आपलं काम लोकांवर विश्वास ठेवण्याचं आहे." मला बोलायचं होतं की धोका दिसलेला एक माणूस मी पाहिला आहे, तो एसटीनं दुसऱ्या गावी जाऊन पत्र टाकून आला होता. पण ते सांगायचं तर हौदापाशी येऊन थांबावं लागलं असतं. शिवाय एकदा माझ्या वडिलांचं वाक्य त्यांना देऊन झालं होतं, आता त्याच वडिलांना उलट बाजूनं कसं आणून उभं करू, असंही वाटलं. मी गप्प बसले. शेवटी ठरलं ते असं: कामगाराला तक्रार करता येईल, संगणकावर, नाव आणि मोबाइल नंबर देऊन. निनावी तक्रार विचारात घेतली जाणार नाही. मालकाला नाव कळणार नाही अशी काळजी घेतली जाईल. 'काळजी घेतली जाईल' हे शब्द मी सुचवले. मग सही केली. चौथी सही माझी आहे.

आदेश निघाला. काही बिघडलेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. गिरण्या चालू आहेत, थांबलेली कामं सुरू झाली, लोकांचे खेटे वाचले. दोन मालकांनी फोन करून आभार मानले. प्रमुख निवृत्त झाले, निरोपाच्या समारंभात त्यांनी तुमचं ते वाक्य म्हणून दाखवलं, जमेल तितकं वऱ्हाडी करून, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचा हेतू चांगलाच होता. कदाचित ते बरोबरही असतील आणि मीच उगाच स्वतःला खाते आहे. तक्रारींचं ते पान मी रोज उघडून पाहते. बॉयलरची एकही आलेली नाही. धोका कुठेच नाही म्हणून आली नाही, की नाव घालायचं म्हणून आली नाही, हे त्या रिकाम्या पानावरून कळत नाही. वर्तमानपत्र हातात घेतलं की आधी आतलं, जिल्ह्यांचं पान काढते. कुठे स्फोट हा शब्द दिसला की उभ्या उभ्याच सगळी बातमी वाचते. मग ते गॅसचं सिलिंडर निघतं, किंवा फटाके.

आणि दर शनिवारी सकाळी मी त्या बॉयलरवाल्याला फोन करते. घरच्यांना सांगितलं नाही, कचेरीत तर नाहीच. काहीतरी निमित्त काढते, पाऊसपाणी विचारते, मग म्हणते, पत्रा कसा आहे. तो म्हणतो, "बरा हाय मॅडम, तुमी काळजी नोका करू." हे एका बॉयलरचं झालं. बाकीच्यांना कुणी विचारत नाही. आज सकाळी त्यानं फोन उचलला नाही. तासाभरानं केला, तेव्हाही नाही. खरं सांगायचं तर तुमची आठवण येऊन हे लिहायला बसले असं नाही, बाबा. त्याचा फोन येईपर्यंत हातांना काहीतरी हवं होतं.

आत्ता, वरची ओळ लिहून झाल्यावर, आला. मागे बँड वाजत होता.

"मॅडम, फोन केलता का? मी नांदुऱ्याले हाय, साळ्याच्या पोरीचं लगन हाय ना."

मी म्हटलं, "मग आज गिरणी बंद आहे का?"

"नाही, चालू हाय. हंगाम हाय ना."

"बॉयलरवर कोण आहे?"

"हाय एक जन. भट्टीत भुसा टाकते आमच्या इथं, पाचसहा वर्षांपासून पाहून राह्यला. समजते त्याले."

"त्याच्याकडे सर्टिफिकेट आहे?"

बँडचा आवाज थोडा दूर गेला. तो बाजूला गेला असावा. "आता कोन येते पाहाले, मॅडम," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, मला बोल लावायचा नव्हता. जसं आहे तसं सांगितलं. मग म्हणाला, जेवायची पंगत बसून राह्यली, जातो.

मी त्याला रागावले नाही, बाबा. शिकलेला माणूसच हवा ही अट आम्ही काढलेली नाही, हेही सांगितलं नाही. हे पत्र कुठल्याच पेटीत जाणार नाही म्हणून लिहून टाकते: फोन चालू होता तेव्हा मला बरं वाटत होतं. आज तो तिथे नाही, लग्नात जेवतो आहे, याचं बरं वाटत होतं. जो त्याच्या जागी तिथे भुसा टाकत उभा आहे त्याचं नावसुद्धा मी विचारलं नाही.